तक्रार नसलेले जंगल

राष्ट्रीय उद्यान निवडणे हे बॉयलर निवडण्यापेक्षा अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो. बॉयलर मागवला तर बॉयलरच येतो, एवढी तरी हमी असते. जंगलाच्या बाबतीत सगळा कारभार मोघम. 'भाग्य असल्यास बिबट्या', 'हवामान अनुकूल असल्यास अस्वल', अशी भाषा माहितीपत्रकांत सर्रास वापरलेली असते. आमच्या कारखान्याला 'भाग्य असल्यास व्हॉल्व्ह' असे लिहून देणारा पुरवठादार भेटला असता, तर मी त्याला फाटकातूनच वाटेला लावले असते. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी तपासणी विभागात होतो, आणि मोघम भाषेशी माझे कधीच जमले नाही.

प्रकरणाला तोंड फुटले ते साडूंच्या जेवणाच्या टेबलावर. साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे आमच्या कुटुंबातले स्वयंघोषित वन्यजीवतज्ज्ञ आहेत. दरवर्षी ते नातेवाइकांचा जथा घेऊन जंगलात जातात. गळ्यात शिट्टी असते. कोणी कोणत्या जीपमध्ये बसायचे, केव्हा उतरायचे आणि केव्हा थक्क व्हायचे, हे शिट्टीवर ठरते. त्यांच्या दिवाणखान्यात एक भली मोठी फ्रेम आहे. तिच्यात एक झाड आहे, झाडाला एक फांदी आहे आणि फांदीवरून बिबट्याची शेपटी लोंबते आहे. उरलेला बिबट्या फ्रेममध्ये नाही. का नाही, ते साडू प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

"शेपटी दिसली. मी कॅमेरा रोखला. आता तोंड वळवणार इकडे," इथे ते चमचा खाली ठेवतात, "तेवढ्यात आमच्या मेहुणीबाई म्हणाल्या, 'कुठे?' संपलं! उरलेला बिबट्या त्या एका 'कुठे?'पायी गेला."

मेहुणीबाई म्हणजे माझी पत्नी. हा किस्सा ती वर्षानुवर्षे घासाबरोबर मुकाट्याने गिळत आली होती. त्या सहलीपासून तिला जंगलात बोलण्याची बंदी होती. तिने तोंड उघडायचा अवकाश, की साडू ओठांवर बोट ठेवून 'शूः' करीत. हळूहळू त्यांची ही सवय जंगलाबाहेरही पडली होती, आणि ती मोटारीत, रांगेत, जेवणाच्या टेबलावरही बोलू लागली, की 'शूः' येऊ लागले होते. त्या दिवशी मात्र तिने ताट बाजूला सारले.

"भाऊजी, या वर्षी आम्ही तुमच्याबरोबर नाही येणार. आमचे आम्ही जाणार जंगलात."

"कुठे?" साडूंनी विचारले. हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारलेला मी प्रथमच ऐकला.

"ते हे ठरवतील," असे म्हणून तिने माझ्याकडे बोट केले.

टेबलावर हशा पिकला. माझ्या मेहुणीने, म्हणजे साडूंच्या पत्नीने, तर पाण्याचा पेला खाली ठेवून हसून घेतले. साडू म्हणाले, "ठरवू द्या, ठरवू द्या! साडूभाऊंनी निवडलेल्या जंगलात प्राणी तपासणीचा शिक्का घेऊनच उभे असतील. पण एक अट आहे. फसलात, तर यापुढं कायम आमच्याबरोबर. जीप मी सांगेन ती. आणि तोंड बंद."

"कबूल," पत्नी म्हणाली.

मला कोणी काही विचारले नाही. ज्याच्या निर्णयशक्तीवर पैज लागते, त्याचे मत घेण्याची पद्धत आमच्या कुटुंबात नाही. परतताना मात्र ती मोटारीत हळूच म्हणाली, "अहो, नीट निवडा हं. मला ती शिट्टी आता ऐकवत नाही."

निवडीची एक शास्त्रशुद्ध पद्धत असते. मी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर काढला, जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग शीट अंथरले आणि रकाने आखायला घेतले. अंतर, रस्त्याचा दर्जा, स्वच्छतागृहे, जीपच्या सीटला पाठ आहे की नाही, अशी सुरुवात झाली. शीटला धक्का लागू नये म्हणून आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवू लागलो.

"जंगलच निवडताय ना?" पत्नीने विचारले. "की बांधून घेताय?"

मी दुर्लक्ष केले. खरा प्रश्न सर्वांत जास्त गुण कोणत्या रकान्याला द्यायचे, हा होता. आणि त्याचे उत्तर माझ्या व्यवसायाने केव्हाच दिले होते: तक्रारी. यंत्राची स्तुती विकणाराही करतो. तक्रार मात्र वापरणाराच करतो. ज्याच्याविषयी तक्रार नाही ते उत्तम, या एका तत्त्वावर मी आयुष्यभर यंत्रे, पुरवठादार आणि हाताखालची माणसे निवडली. माझ्याविषयीही कधी कोणाची तक्रार आली नव्हती. म्हणून मी प्रत्येक उद्यानाविषयी लोकांनी इंटरनेटवर केलेल्या तक्रारी वाचून रकान्यात भरू लागलो. त्या वाचून माणसाने घराबाहेर पडूच नये असे वाटते. एका उद्यानात माकडाने एका गृहस्थांचा चष्मा पळवला होता. दुसऱ्यात चष्मा शाबूत राहिला होता, पण त्यातून पाहण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्यात अस्वल इतक्या जवळ आले, की पाहुण्यांची बोबडी वळली. आणि त्याच उद्यानाविषयी त्याच आठवड्यात कोणीतरी लिहिले होते, की अस्वल फार लांब होते.

दरम्यान ही बातमी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांपर्यंत गेली. ते आमच्या सोसायटीचे सचिवही आहेत. त्यामुळे तक्रारींची दखल आणि दाढांची दखल ते एकाच खोलीत घेतात.

"जीपमध्ये दातांवर दात ठेवून बसायचं नाही," ते म्हणाले. "खड्डा आला की फिलिंग गेलंच म्हणून समजा. आणि कपडे? पालापाचोळ्याच्या रंगाचे घ्या. प्राण्याला तुम्ही दिसताच कामा नये. तुम्हाला तो दिसला पाहिजे. म्हणजे आमच्या धंद्याच्या उलट; तिथं आमची पाटी रुग्णाला लांबूनच दिसावी लागते."

सल्ला पटण्यासारखा होता. मी दोघांसाठी शेवाळी रंगाचे शर्ट आणि टोप्या आणल्या. पण चाचणी न घेता माल स्वीकारणे माझ्या रक्तात नाही. पत्नीला बाल्कनीत उभे केले आणि मी स्वतः सोसायटीच्या कुंपणाजवळच्या झुडपात जाऊन बसलो. तिने तिथून मी दिसतो की नाही ते सांगायचे, अशी योजना होती. मी पानांत नीट दडतो न दडतो तोच दंतवैद्यांच्या खिडकीतून आवाज आला.

"काका, काही हरवलंय का?"

त्यांच्या मागे गालावर हात धरलेला एक रुग्ण उभा होता. माझ्याकडे पाहून त्याचे दुखणे थोडे कमी झाल्यासारखे वाटले. मी "चाचणी चालू आहे" एवढेच म्हणालो आणि उठताना टोपी काट्यात अडकली. बाल्कनीतून पत्नीने स्पष्ट आवाजात अहवाल दिला, "अहो, दिसताय! सगळ्यांनाच दिसताय!"

दुर्बिणीचे प्रकरण याहून वाईट. दुर्बीण डोळ्यांना सरावली पाहिजे, म्हणून मी रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या टाकीवरचे कबूतर केंद्रबिंदूत आणण्याचा सराव करीत असे. कबूतर चंचल असल्यामुळे केंद्रबिंदू कधी कधी खाली घसरे. खाली खिडक्या होत्या. दंतवैद्य वर आले ते सचिवाचा चेहरा करून.

"काका, समोरून तक्रार आली आहे."

"कोणाविषयी?"

"तुमच्याविषयी. मी त्यांना म्हटलं, काका कबूतर बघत होते. तर ते म्हणाले, आमच्या स्वयंपाकघरात कबूतर नाही."

ही माझ्या आयुष्यातील पहिली तक्रार. मी दुर्बीण पेटीत घातली आणि दोन दिवस बाल्कनीचा पडदा लावून बसलो. पत्नीने सांत्वन केले, "जाऊ द्या हो. निदान तुमचं तुम्हाला आता कळलं, तक्रार होते म्हणजे काय होतं ते." सांत्वनाची ही पद्धत मला अद्याप उमगलेली नाही.

मनाच्या अशा अवस्थेत असताना मला ते उद्यान सापडले. नवे होते. रस्ता गुळगुळीत, स्वच्छतागृहे चकचकीत, निरीक्षण मनोरा भक्कम, सीटला पाठ. आणि तक्रार एकही नाही. मी पुन्हा शोधले, उलटसुलट शोधले. चष्मा गेल्याची नाही, अस्वल लांब असल्याची नाही, काहीच नाही.

"एकही नाही?" पत्नीने शीटवर वाकून पाहिले. "आणि कौतुक?"

"कौतुकाचा रकाना मी ठेवलेला नाही."

"का?"

"कौतुक कोणीही करतं."

तिने रकान्यांवरून एकदा बोट फिरवले आणि ती चहा टाकायला गेली. त्या बोटाची मी त्याच वेळी नोंद घ्यायला हवी होती.

प्रवेशपरवाना शहरातल्या वन कार्यालयातून घ्यावा लागत असे. तिथल्या लिपिकाने उद्यानाचे नाव ऐकून मान वर केली, सहकाऱ्याकडे पाहिले आणि मला बसायला खुर्ची दिली. सरकारी कार्यालयात मला न मागता मिळालेली ही पहिली खुर्ची. नियमाप्रमाणे जागांचे वाटप सोडतीने होते, असे त्याने सांगितले.

"किती अर्ज आहेत?" मी विचारले.

"तुमचाच आहे."

"मग सोडत कशाला?"

"साहेब, नियम आहे." त्याने माझ्या नावाची चिठ्ठी केली, डब्यात टाकली, डबा बराच वेळ हलवला आणि मला म्हणाला, "जरा मागं सरका. अर्जदार इतक्या जवळ नको. उद्या कोणी म्हणेल पक्षपात झाला." मग सहकाऱ्याला डोळे मिटायला लावून त्याने चिठ्ठी काढायला सांगितले. ती माझी निघाली.

"अभिनंदन! नशीबवान आहात."

वाचकहो, सांगायला संकोच वाटतो, पण मला आनंद झाला. एकच अर्ज असतानाही पद्धत मोडायची नाही, अशी शिस्त जिथे आहे, तिथले जंगल कसे असेल, अशा विचारात मी घरी आलो. पत्नीला सोडतीत नंबर लागल्याचे सांगितले. चिठ्ठ्या किती होत्या, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

उद्यानाच्या फाटकाशी आम्ही सकाळी पोहोचलो, तेव्हा उद्यानाचे अधीक्षक गणवेशाचे बटण लावत धावतच आले. त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडेनात. "या, या! आम्हाला वाटलं रद्द कराल." फाटकाचे कुलूप नवे होते, किल्ली बसेना, शेवटी माझ्या खिशातल्या रुमालाने पुसून ती मीच फिरवली. जीपच्या सीटवर अजून प्लॅस्टिक होते. रस्त्यावर टायरचा एकही ठसा नव्हता. देखभाल उत्तम आहे, असे मी पत्नीला म्हणालो.

आमच्याबरोबर एक वाटाड्या होता. चेहरा गंभीर, गणवेशाला कडक इस्त्री. जीप सुटताच त्याने पाठ केलेले भाषण सुरू केले. आवाज पूर्वी बसमध्ये तिकिटे फाडलेल्या माणसाचा होता. थोड्या वेळाने त्याने एका झाडाखाली जीप थांबवली आणि वर बोट दाखवले.

"ही फांदी पाहा. या फांदीवर बिबट्या बसणार आहे."

मी दुर्बीण रोखली. "केव्हा?"

"मंजुरी आल्यावर."

मग मी दुर्बीण खाली घेतली आणि विचारले, "म्हणजे सध्या बिबट्या कुठं आहे?"

"प्रस्तावात."

हळूहळू खुलासा झाला. पूर्वी इथे दगडाच्या खाणी होत्या. त्या बुजवून, झाडे लावून, कुंपण घालून उद्यान उभे केले होते. फाटके, रस्ते, मनोरा आणि स्वच्छतागृहे पहिल्या टप्प्यात पूर्ण झाली होती. प्राणी दुसऱ्या टप्प्यात होते. उद्यानाविषयी तक्रार का नव्हती, हे माझ्या ध्यानात आले. तक्रार करायला आधी कोणीतरी यावे लागते. शून्य तक्रारी आणि शून्य पाहुणे यांतला फरक माझ्या ड्रॉइंग शीटवर दिसत नव्हता, कारण पाहुण्यांचा रकाना मी आखलाच नव्हता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापनातल्या चुका काढल्या, त्याने स्वतःच्या तक्त्यात एवढे भोक ठेवावे! मला साडूंची शिट्टी ऐकू येऊ लागली.

"पक्षी तरी आहेत ना?" मी क्षीण आवाजात विचारले.

"आहेत, पण ते आराखड्यात नाहीत," वाटाड्या म्हणाला. "ते आपले येतात, जातात." आणि पुन्हा भाषणाकडे वळला. "आता पाणवठा येईल. इथं संध्याकाळी हरणांचे कळप येतील. पाहुण्यांनी कृपया पूर्ण शांतता राखावी."

"कोणासाठी?" पत्नीने विचारले.

वाटाड्याच्या भाषणात याचे उत्तर नव्हते. त्याने पाणवठ्याकडे पाहिले, मोकळ्या गवताकडे पाहिले, चालकाकडे पाहिले.

"तसं बघायला गेलं तर..." तो म्हणाला. "बोला ताई तुम्ही."

आणि ती बोलली. पाणवठ्यापासून मनोऱ्यापर्यंत, मनोऱ्यापासून अस्वलाच्या नियोजित गुहेपर्यंत ती बोलत होती. झाडांविषयी, बहिणीविषयी, लहानपणी शाळेच्या वाटेवर दिसलेल्या कोल्ह्याविषयी. तिला मधमाश्यांविषयी इतके ठाऊक आहे, याची मला कल्पना नव्हती. वाटाड्या भाषण विसरला आणि प्रश्न विचारू लागला. चालकानेही जीप सावकाश घेतली. मध्येच वाटाड्याच्या कमरेच्या वायरलेसमधून मनोऱ्यावरच्या रक्षकाचा दबका आवाज आला, "दिसले, दिसले! जोडी आहे. गुहेकडं सरकतायत. शांत आहेत." त्यावर अधीक्षकांचा आवाज आला, "कोणी जवळ जाऊ नका. बिथरतील." शेवाळी शर्टांचा काही उपयोग झाला नव्हता.

बिबट्याच्या फांदीखाली परतल्यावर ती एकाएकी माझ्याकडे वळली.

"अहो, त्या दिवशी मी 'कुठे?' का म्हटलं, माहीत आहे?"

"तुला दिसला नाही म्हणून."

"मला पूर्ण दिसला होता! भाऊजी शेपटीकडं कॅमेरा रोखून होते, आणि दुसरा बिबट्या त्यांच्या पाठीमागच्या खडकावर बसला होता. अख्खा. मिशांसकट. आमच्याकडंच बघत होता. मला कळेना, हे सगळे तिकडं कुठं बघतायत? म्हणून म्हटलं, 'कुठे?'"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तोंड उघडलं की शूः!" ती म्हणाली. "इतकी वर्षं सांगायचं राहिलंय."

वाटाड्याने टोपी काढून हातात घेतली. मी काय काढावे ते मला सुचले नाही.

फाटकाशी अधीक्षक काळजीच्या चेहऱ्याने उभे होते. "काही तक्रार?" त्यांनी विचारले. माझ्या शास्त्राप्रमाणे मुख्य भागच न पुरवलेला माल परत जातो. मी बोलायला सुरुवात करणार तोच पत्नी म्हणाली, "काही नाही. फार छान आहे हो." अशा रीतीने उद्यानाचा लौकिक निष्कलंक राहिला.

पुढच्या रविवारी साडूंच्या टेबलावर सगळे जमले. साडू वाटच पाहत होते.

"हं, साडूभाऊ! काय काय दिसलं?"

मी हार पत्करण्याच्या तयारीने घसा साफ केला; पण आधी पत्नी बोलली. "एकही प्राणी नाही दिसला, भाऊजी. तिथं प्राणी नाहीतच."

हास्याचा स्फोट झाला. साडूंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "ठरलं तर! फसलात. पुढच्या वर्षी आमच्याबरोबर."

"फसलो कुठं?" ती म्हणाली. "मी दिवसभर बोलले. सगळे ऐकत होते. हेसुद्धा. तो बिबट्यासुद्धा सांगून झाला."

"कुठला बिबट्या? शू—"

"साडूभाऊ," मी म्हणालो, "बोलू द्या तिला."

एवढे बोलण्यासाठी मला जन्मात प्रथमच टेबलावर हात आपटावा लागला, आणि तो आमटीच्या वाटीच्या कडेवर पडला. शर्ट शेवाळी नव्हता, त्यामुळे डाग स्पष्ट दिसला. पण त्या गडबडीत ती सगळे सांगून मोकळी झाली: खडक, मिशा, साडूंची पाठ. जेवण थांबले. माझी मेहुणी नवऱ्याकडे पाहत राहिली. साडू सावकाश उठले, फ्रेमपाशी गेले, चष्मा लावला आणि तिच्या उजव्या काठापलीकडे, भिंतीवर, पाहू लागले.

"कुठे?" ते म्हणाले.

पत्नीने ओठांवर बोट ठेवले. "शूः! हललात तर जाईल."

परतताना मोटारीत मी तिला अधीक्षकांचा निरोप सांगितला. दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली होती, पहिली हरणे लवकरच येणार होती, आणि आम्ही पहिले पाहुणे म्हणून आग्रहाचे निमंत्रण होते. तिने खिडकीची काच खाली केली.

"अहो," ती म्हणाली, "मग हरणं यायच्या आत एकदा जाऊन येऊ या का?"